पैशाचा निर्णय आणि आपला मेंदू

(हीरक महोत्सवी व्याख्यानमालेत माजी विद्यार्थी व पालक यांच्यासमोर मुख्याध्यापिकांनी केलेल्या भाषणाची संहिता)



हीरक महोत्सवात मुख्याध्यापिकेने शाळेचा इतिहास सांगावा, असा संकेत आहे. तो सांगण्यास माझ्याहून ज्येष्ठ मंडळी येथे उपस्थित आहेत. मी आज एक वेगळा विषय मांडणार आहे. आपण पैशाचे निर्णय घेतो तेव्हा आपल्या मेंदूत काय घडते, आणि ते समजल्याने आपल्या घरात व शाळेत काही बदलता येईल का, हा तो विषय.

हा विषय मी निवडला त्यास कारण आहे. पूर्वी पालक माझ्याकडे येत ते गुणांची, वळणाची किंवा संगतीची तक्रार घेऊन. गेल्या चार-पाच वर्षांत एक नवी तक्रार कानी येऊ लागली आहे. मुलगा हुशार आहे, गणितात पहिला होता, नोकरीही बरी आहे. पण मोबाइलवरच्या शेअरबाजारातील सौद्यांत त्याने वडिलांच्या निवृत्तीची पुंजी घालवली. असे सांगताना एका आईने मला विचारले, “बाई, शाळेत एवढी अक्कल दिलीत, ती गेली कुठे?” प्रश्न रागाचा नव्हता, व्याकुळतेचा होता. आजचे व्याख्यान हे त्या प्रश्नाचे यथाशक्ती दिलेले उत्तर आहे.

हे दुःख एकट्यादुकट्या घराचे नाही. मुंबईच्या सेबीने, म्हणजे भांडवल बाजाराच्या नियामक संस्थेने, सप्टेंबर 2024 मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. 2021-22 ते 2023-24 या तीन वर्षांत ‘फ्युचर्स अँड ऑप्शन्स’ या प्रकारात व्यवहार करणाऱ्या एक कोटीहून अधिक व्यक्तींपैकी 93 टक्के लोकांना तोटा झाला. एकूण तोटा 1.8 लाख कोटी रुपयांहून अधिक होता. तीस वर्षांखालील तरुणांचे प्रमाण एका वर्षात 31 टक्क्यांवरून 43 टक्क्यांवर गेले. आणि सर्वांत विचार करायला लावणारी गोष्ट अशी की, सतत तोटा होऊनही तोट्यात गेलेल्यांपैकी पाऊणशे टक्क्यांहून अधिक लोकांनी हे व्यवहार चालूच ठेवले. एवढे सारे लोक निर्बुद्ध असतील, हे संभवत नाही. तेव्हा दोष केवळ अकलेत शोधून भागणार नाही.

अर्थशास्त्राने दीर्घकाळ एक काल्पनिक माणूस गृहीत धरला होता. तो सर्व माहिती गोळा करतो, लाभ-हानी तोलतो आणि स्वतःच्या हिताचाच निर्णय घेतो. राग, लोभ, लाज, थकवा यांचा त्याला स्पर्श होत नाही. अमीनाबादेत दिवाळीच्या खरेदीस गेलेल्या कोणासही असा माणूस भेटलेला नसेल. 1979 मध्ये डॅनियल काहनेमन आणि एमॉस ट्वर्स्की या दोन मानसशास्त्रज्ञांनी खरा माणूस कसा निवड करतो, याचा सिद्धान्त मांडला. हजार रुपये मिळाल्याचा आनंद आणि हजार रुपये गमावल्याचे दुःख यांचे वजन सारखे नसते. दुःखाचे वजन साधारण दुप्पट भरते, असे त्यांच्या व पुढील प्रयोगांतून दिसले. काहनेमन यांना 2002 मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. ट्वर्स्की तोवर निवर्तले होते.

माणूस असा का वागतो, याचा शोध घेण्यासाठी पुढे मेंदूविज्ञान अर्थशास्त्राच्या मदतीस आले. डोक्याचा एमआरआय आपल्यापैकी काहींनी काढून घेतला असेल. त्याच तंत्राच्या एका प्रकारात माणूस यंत्रात पडून काही निवड करीत असतो आणि त्या क्षणी मेंदूच्या कोणत्या भागाकडे प्राणवायूयुक्त रक्ताचा ओघ वाढतो, हे नोंदले जाते. 2007 मध्ये अमेरिकेतील ब्रायन नटसन व त्यांच्या सहकाऱ्यांनी यंत्रातील लोकांना आधी वस्तू दाखवली, मग किंमत दाखवली आणि मग घ्यायची की नाही, हे विचारले. वस्तू आवडली की मेंदूच्या खोल गाभ्यातील, प्राप्तीच्या अपेक्षेशी निगडित असा एक भाग उद्दीपित होई. किंमत अवाच्या सवा वाटली की इन्सुला नावाचा दुसरा भाग जागा होई. वेदना व किळस या अनुभवांतही हा भाग सहभागी असतो. ‘पैसे मोजताना जिवावर येते’ असे आपण म्हणतो; ते निव्वळ बोलणे नव्हे, हे यावरून ध्यानात यावे.

मग भावना बाजूला सारून थंड डोक्याने निर्णय घ्यावा, हाच उपाय नव्हे काय? येथे आन्तोनिओ दमासिओ या मेंदूतज्ज्ञांनी वर्णिलेला एक रुग्ण आठवतो. मेंदूच्या पुढच्या भागातील गाठ काढल्यानंतर त्याची बुद्धी, स्मरण, भाषा सारे चाचण्यांत उत्तम ठरले. हरपला होता तो भावनेचा ओलावा. असा माणूस अचूक हिशेबी व्हायला हवा होता. प्रत्यक्षात त्यास साध्या गोष्टी ठरवता येईनात. नोकरी गेली, भलत्या व्यवहारांत साठवलेला पैसा बुडाला, संसारही मोडला. पुढे अशा रुग्णांवर पत्त्यांच्या चार गड्ड्यांचा एक प्रयोग झाला. दोन गड्ड्या मोठी बक्षिसे देत, पण त्याहून मोठे दंडही करीत. उरलेल्या दोन थोडेथोडे देत आणि अखेरीस लाभाच्या ठरत. निरोगी माणसांच्या तळहातांना वाईट गड्डीकडे हात जाताच सूक्ष्म घाम येऊ लागे, आणि तोही ती गड्डी वाईट का, हे त्यांना शब्दांत सांगता येण्याच्या आधी. रुग्णांच्या हातांना ही पूर्वसूचना मिळतच नसे. ते पुन्हा पुन्हा मोठ्या बक्षिसाकडे वळत. तात्पर्य, भावना ही विवेकाची वैरीण नाही. अनुभवाने मुरलेली भावना विवेकाची सोबतीण असते.

पण याच यंत्रणेला फसवताही येते, आणि आपल्या मुलांच्या प्रश्नाचा गाभा इथे आहे. वुल्फ्रम शुल्ट्झ यांनी माकडांच्या मेंदूतील डोपामीन स्रवणाऱ्या पेशींचा अभ्यास केला. माकडाला फळाच्या रसाचा थेंब अनपेक्षित मिळाला की या पेशी उद्दीपित होत. रसापूर्वी दिवा लागतो, हे माकड शिकले की पेशी दिव्याला प्रतिसाद देऊ लागत, रसाला नव्हे. दिवा लागून रस आला नाही, तर त्यांचे काम मंदावे. म्हणजे या पेशी सुखाचे मोजमाप करीत नाहीत. अपेक्षेहून अधिक मिळाले की उणे, या फरकाचा त्या हिशेब ठेवतात. शिकण्यासाठी ही योजना उत्तम आहे. मात्र पुढील संशोधनात असेही आढळले की, मिळण्याची व न मिळण्याची शक्यता समसमान असते तेव्हा या पेशींचा एक प्रकारचा प्रतिसाद सर्वाधिक टिकून राहतो. अनिश्चितता हीच त्यांना खिळवून ठेवते.

आपल्या वडीलधाऱ्यांना मुंबईच्या गिरणगावातला मटका आठवत असेल. कापसाच्या उघडत्या-मिटत्या भावांवर लागणाऱ्या पैजांतून तो खेळ वाढला. दिवसभर साच्यावर राबलेला कामगार चार आणे, आठ आणे लावी आणि आकडा फुटण्याची वाट पाही. त्याला निदान वाट पाहावी लागे. आज हातातील मोबाइल क्षणोक्षणी आकडा फोडतो. 2009 मध्ये केंब्रिजच्या ल्यूक क्लार्क यांनी दाखवले की, जुगाराच्या यंत्रात बक्षीस एका घराने हुकले, तर तो निखळ पराभव असूनही मेंदूच्या प्राप्तीशी संबंधित भागांत विजयासारखी हालचाल होते आणि पुन्हा खेळण्याची इच्छा वाढते. ‘थोडक्यात हुकलं’ हे तीन शब्द नव्हे, दोनच शब्द. पण त्यांनी किती घरे बसली असतील! संसदेने ऑगस्ट 2025 मध्ये पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला, त्याचे मी स्वागत करते. परंतु सगळेच दरवाजे कायद्याने बंद होत नाहीत, हेही पालकांनी ध्यानी घ्यावे.

आता तोटा होऊनही माणसे थांबत का नाहीत, ते पाहू. काहनेमन-ट्वर्स्कींच्या सिद्धान्तात याचे उत्तर आहे. लाभात असलेला माणूस जपून चालतो. तोट्यात असलेला माणूस मात्र तोटा पुसून टाकण्याच्या आशेने अधिक मोठी जोखीम पत्करतो. हरलेला आकडा स्वीकारणे ही त्याच्या लेखी जखमच असते. मेंदूच्या आतील अमिग्डाला हा बदामाएवढा भाग भयाशी निगडित आहे. तो निकामी झालेल्या दोन रुग्णांना पैसे गमावण्याची नेहमीची धास्ती वाटतच नव्हती, असे 2010 मधील एका अभ्यासात दिसले. हानीचे भय आपल्यात इतके खोलवर रुजलेले आहे. म्हणून घरात मुलाचा तोटा उघड झाला की पहिल्याच वाक्याने त्याला भाजून काढू नका. तोटा सांगण्याची शिक्षा जितकी जबर, तितका तो लपवून भरून काढण्याचा मोह मोठा. ‘किती गेले?’ हे विचारण्यापूर्वी ‘आता थांबलास ना?’ हे विचारा.

पैशाचा निर्णय केवळ पैशाचा नसतो, हेही या विज्ञानाने दाखवून दिले. एक साधा खेळ आहे. दोघांपैकी एकाला काही रक्कम मिळते. तिचा किती वाटा दुसऱ्याला द्यायचा, हे तो ठरवतो. दुसऱ्याने वाटा नाकारला, तर दोघांनाही काही मिळत नाही. हिशेबी माणसाने एक रुपयाही नाकारू नये. फुकटचाच आहे तो. तरीही अपमानास्पद वाटा लोक सर्रास नाकारतात. 2003 मध्ये ॲलन सॅन्फी व सहकाऱ्यांनी हा खेळ खेळणाऱ्यांच्या मेंदूचे निरीक्षण केले. अन्याय्य वाटा समोर येताच इन्सुला हाच भाग जागा झाला.

लखनऊकरांना हे नव्याने सांगायला नको. 1784 च्या दुष्काळात नवाब आसफउद्दौला यांनी बडा इमामबाडा बांधायला काढला तो लोकांच्या हाताला काम देण्यासाठी. आख्यायिका अशी की, दिवसा सामान्य मजूर काम करीत आणि रात्रीच्या अंधारात, कोणी ओळखू नये म्हणून, परिस्थितीने गांजलेले खानदानी लोक येत. आख्यायिकेतले किती खरे, हे इतिहासकारांनी ठरवावे. ती पिढ्यान्‌पिढ्या सांगितली गेली, कारण भुकेइतकीच अब्रूही माणसाला जाळते, हे या शहराला ठाऊक होते. कोणत्याही शाळेत फी-माफीचा अर्ज घेऊन येणारी आई दाराशी का घुटमळते, तेही यावरून कळावे.

यापुढचा मुद्दा मला शिक्षिका म्हणून सर्वांत महत्त्वाचा वाटतो. आपल्या उत्तर प्रदेशाचे आणि महाराष्ट्राचे एक समान पीक म्हणजे ऊस. ऊस पिकवणाऱ्याला पैसा वर्षातून एकदा, तोडणीनंतर मिळतो. आनंदी मणी, सेंधिल मुल्लैनाथन, एल्दार शफीर आणि जियायिंग झाओ यांनी तमिळनाडूतील 464 ऊस-शेतकऱ्यांच्या बुद्धीच्या चाचण्या तोडणीपूर्वी व तोडणीनंतर घेतल्या. अभ्यास 2013 मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आला. शेतकरी तेच, चाचण्या त्याच धाटणीच्या. परंतु हात तंग असताना त्यांची कामगिरी स्पष्टपणे खालावलेली आढळली. पैशाच्या विवंचनेचा बुद्धीवर पडणारा भार रात्रभर झोप न मिळण्याच्या भाराशी तोलता येईल, असे संशोधकांनी म्हटले. या निष्कर्षांवर विद्वानांत वाद झाले आणि ते व्हायलाच हवेत. पण ‘गरीब माणूस चुकीचे निर्णय घेतो म्हणून गरीब राहतो’ हे वाक्य सहजपणे उच्चारणाऱ्यांनी हा अभ्यास जरूर विचारात घ्यावा. कदाचित विवंचनाच निर्णय बिघडवीत असेल. कर्जाचा हप्ता डोक्यात घोळत असलेला बाप मुलाच्या पुस्तकावर लक्ष देत नाही, तेव्हा तो बेफिकीर असतोच असे नाही.

आणि मुले? ‘आत्ता एक गोळी घे, किंवा थांबलास तर दोन मिळतील’ हा वॉल्टर मिशेल यांचा प्रयोग आपल्यापैकी अनेकांनी ऐकला असेल. थांबणारी मुले पुढे आयुष्यात अधिक यशस्वी झाली, असे सांगितले जाई. 2018 मध्ये अधिक मोठ्या संख्येच्या मुलांवर झालेल्या अभ्यासात घरची परिस्थिती हिशेबात घेतल्यावर तो संबंध पुष्कळ क्षीण झाला. त्याआधी 2013 मध्ये प्रसिद्ध झालेला एक लहानसा प्रयोग मला फार बोलका वाटतो. काही मुलांना आधी ‘छान रंगपेट्या आणून देते’ असे सांगून त्या आणून दिल्या. काहींना तेच सांगून दिल्या नाहीत. मग गोळीचा प्रयोग केला. वचन पाळलेले पाहिलेली मुले सरासरी बारा मिनिटे थांबली. वचन मोडलेले पाहिलेली जेमतेम तीन मिनिटे. ‘हातचे सोडून पळत्याच्या पाठीस लागू नये’ ही म्हण दुसऱ्या गटातील मुलांनी अनुभवातून शिकून घेतली होती. त्यांच्या दृष्टीने तोच शहाणपणा होता. संयम हा मुलाच्या डोक्यात जन्मतः भरलेला नसतो. मोठी माणसे दिला शब्द पाळतात, या विश्वासावर तो उभा राहतो.

इतके ऐकल्यावर कोणी म्हणेल, मग सारा दोष मेंदूचाच. माणसाची जबाबदारी उरली कुठे? तसे मला मुळीच म्हणायचे नाही. मेंदूचा एक भाग उजळला म्हणजे एक विचार सापडला, इतके हे सोपे नाही. एकच भाग अनेक कामांत सहभागी असतो. आणि मेंदू घडवता येतो, म्हणूनच तर शाळा असतात. पंडित विष्णु नारायण भातखंडे यांनी 1926 मध्ये याच लखनऊत संगीत महाविद्यालय उभे केले. गायक मैफलीत प्रत्येक स्वराचा नव्याने खल करीत बसत नाही. तो खल रियाजात आधीच झालेला असतो. पैशाचेही तसेच आहे. मोहाच्या क्षणी विवेक करू म्हणणारा बहुधा हरतो. मोह नसताना नियम घालून ठेवणारा तरतो.

रिचर्ड थेलर, ज्यांना 2017 चे नोबेल मिळाले, आणि श्लोमो बेनार्ट्झी यांनी अमेरिकेतील एका कंपनीच्या कर्मचाऱ्यांना सुचवले: आज बचत वाढवू नका, पुढची पगारवाढ होईल तेव्हा वाढीचा काही भाग बचतीत जाईल, एवढे आज लिहून द्या. हातात येऊन गेलेला पैसा गेला, असे वाटण्याचा प्रश्नच उरला नाही. चाळीस महिन्यांत या लोकांची बचत पगाराच्या 3.5 टक्क्यांवरून 13.6 टक्क्यांवर गेली. आपल्याच देशात रोजंदारीवरील मजुरांवर दिलीप सोमण आणि अमर चीमा यांनी केलेला प्रयोग त्याहून साधा आहे. बचतीची रक्कम एकाऐवजी दोन बंद पाकिटांत ठेवली आणि पाकिटावर मुलांचे छायाचित्र लावले, तर बचत अधिक टिकली. पाकीट फोडताना हात क्षणभर थबकतो, तो थबकणेच मोलाचे. आपल्या आज्या-आयांनी डाळीच्या, तांदळाच्या डब्यांत वेगवेगळ्या कामांसाठी ठेवलेल्या पुरचुंड्या आठवा. त्यांनी हे शास्त्र वाचलेले नव्हते. त्यांना ते उमगलेले होते.

म्हणून शाळेच्या वतीने काही गोष्टी सांगते. शिक्षकसभेने ठरवले आहे की, फीच्या थकबाकीची चिठ्ठी यापुढे विद्यार्थ्याच्या हाती दिली जाणार नाही, आणि परीक्षेच्या पंधरवड्यात ती पालकांनाही पाठवली जाणार नाही. विवंचना बुद्धीवर भार टाकते, हे मान्य केले, तर नेमक्या परीक्षेच्या दिवसांत तो भार मुलाच्या दप्तरात घालणे योग्य ठरत नाही. फी-माफीचा अर्ज पालकांना कार्यालयाच्या खिडकीत न देता बंद लिफाफ्यात देता येईल. नववीच्या गणितात संभाव्यतेचा धडा शिकवताना सेबीच्या अभ्यासाचे आकडे फळ्यावर लिहिले जातील. शंभरातले त्र्याण्णव म्हणजे किती, हे मुलांनी आपल्या वर्गातली डोकी मोजून पाहावे.

पालकांना माझी विनंती आहे की, मोठ्या रकमेच्या कोणत्याही व्यवहारापूर्वी एक रात्र जाऊ द्यावी, असा घराचा नियम करा आणि तो आधी स्वतः पाळा. मुलांना दिलेला शब्द लहान असला तरी पाळा. माजी विद्यार्थ्यांना माझे सांगणे वेगळे आहे. तुमच्यापैकी कोणी अशा सौद्यांत पोळला असेल, तर त्याने शाळेत यावे आणि दहावीच्या वर्गाला एक तास आपला अनुभव सांगावा. नाव जाहीर होणार नाही. यशस्वी विद्यार्थ्यांचे सत्कार आपण साठ वर्षे केले. ते पुढेही करू. पण ठेच लागलेल्याने मागच्याला सावध करणे, हेही शाळेवरचे ऋण फेडणेच आहे.

त्या आईने विचारले होते, दिलेली अक्कल गेली कुठे? माझे उत्तर असे की, अक्कल कोठेही गेली नाही. ती एकटी पडली होती. तिच्या सोबतीला आधी घातलेला नियम, शब्द पाळणारे घर आणि चूक उघडपणे सांगता येईल असे माणूस हवे होते. यातले काही पुरवणे घराच्या हाती आहे, काही शाळेच्या. आपण दोघांनीही आपापला वाटा उचलावा, एवढे मागून मी आपली रजा घेते.